वेदीचं कापड

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक देत जा, अंगावर काढू नकोस. इकडे परदेशात लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींचे ढीग नेहमीसारखेच. तब्येती बऱ्या आहेत. एक गोष्ट मात्र बरी नाही, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

आमच्या चर्चमध्ये दुपारी दुसऱ्या मुलखातली माणसं त्यांची मिस्सा करतात, हे लिहिलं होतं ना? तीही आपल्यासारखीच कॅथलिक, पोपही तोच, पण बाकी सगळी तऱ्हा निराळी. आपण गुडघे टेकतो तिथे ती उभी. आपली वेदीवरची भाकर पातळ पांढरी, त्यांची खमीर घालून फुगवलेली. ती भाकर भाजते बेकरीत काम करणारी एक बाई, आणि त्यांच्या वेदीचं सगळं तीच बघते. चालते अशी, की चर्च हिच्या वडिलांनी बांधलंय. मी मनातल्या मनात तिला राणीसरकार म्हणते.

आता एप्रिलात त्यांचे बिशप येणार, तर सगळ्यांची मिळून एकच मिस्सा, आणि ती त्यांच्या पद्धतीने. आमचे फादर हात पसरून सांगत होते, सगळे एका वेदीभोवती! मी म्हटलं, छान, मग आईच्या लेसचं कापड घालू. तर म्हणाले, पद्धत त्यांची, तेव्हा कापडही राणीसरकारच आणतील. ताई, या वेदीचं कापड इतकी वर्षं मी धुते, मी घालते. दिवसभर परक्यांच्या चादरींवर इस्त्री फिरवायची, त्यात माझं म्हणावं असं हे एवढंच. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

लोभ आहेच. तो दुसऱ्या कुणावर उधळू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून हे पोट धरून हसले. मी नाही हसले. जळणं म्हणजे काय, ते तू मला शिकवू नकोस. आईची नजर अधू झाल्यावर त्या लेसची अर्धी बाजू मी विणली, आणि तू निघालीस तेव्हा कापड गेलं तुझ्या ट्रंकेत. माझ्या वाट्याला क्रोशाची सुई. मी काही बोलले का? बोलले असेन, पण तुझ्याजवळ नाही.

ते कापड त्या दिवशी वेदीवर गेलं पाहिजे, हे माझंही म्हणणं आहे. पण भांडून नको. त्या बाईच्या कामात काही कमी दिसलं तर बोभाटा करू नकोस, मुकाट्याने तू ते नीट कर. फादरांना डोळे आहेत.

आहे तो लोभ राखून ठेव, मला लागेल.

तुझी,
ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं ऐकलं आणि फत्ते झाली! रविवारी त्यांच्या फादरांना आजाऱ्याकडे घाईने बोलावणं आलं, आणि वेदीवर त्यांचं एक कापड तसंच राहिलं. उघडून बघते तर काय, मधे येशूला कबरीत ठेवतानाचं चित्र, आणि बाकी नुसती दैना! कडा पिवळ्या, मेणाचे थेंब, चित्राखाली शाईचा चांगला ओळभर लांब डाग. आणि ह्या म्हणे राणीसरकार!

मुकाट्याने घरी आणलं. आईने शिकवल्याप्रमाणे पहिलं पाणी फुलझाडाच्या मुळाशी ओतलं, पवित्र भाकरीचा कण मोरीत जाऊ नये म्हणून, मग मेण काढलं, शाई घासून घासून घालवली. बेताची खळ दिली, घडीवर घडी बसवून इस्त्री केली. एका कडेला आत काहीतरी टोचत होतं, बटण राहिलं असेल शिवताना. उसवणारच होते, पण कात्री सापडली नाही. आता कापड असं झालंय, की बघणाऱ्याला कळावं वेदीचं कापड कोणी सांभाळायचं.

लोभात खळ कमी पडू देऊ नये.

तुझी,
धाकटी


ता. २५ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अगं, शाई सांडली तर तिचा डाग ओळीत पडतो का? आणि वेदीच्या कापडाला बटण कशाला? कात्रीला हात लावू नकोस. हे पत्र मिळेल त्या पावली जा आणि त्या बाईला विचार.

घाईत,
ताई


ता. २८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच आभाळ कोसळलं होतं. ती शाई म्हणजे त्यांच्या बिशपांची सही. आत टोचत होता तो संताच्या अस्थीचा कण. ते कापड धुवायचंच नसतं, इस्त्रीचं तर नाव नको, आणि त्याच्याशिवाय त्यांचे फादर मिस्सा करू शकत नाहीत. नवं येईपर्यंत ती सगळी माणसं आमच्या मिस्सेला येऊन मागे उभी राहायची. आम्ही गुडघ्यांवर, आणि त्यांचे डोळे माझ्या मानेवर. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शेवटी बेकरीच्या मागच्या दाराने गेले. राणीसरकारांचे हात कणकेत. दोघींनाही इथली भाषा मोडकीतोडकीच येते, तरी जमेल तशी माफी मागितली. तिने एकच विचारलं, पाणी कुठे ओतलंस? म्हटलं, फुलझाडाच्या मुळाशी, आमच्या आईने तसंच शिकवलंय. ती मैद्याच्या पोत्यावर मटकन बसली आणि रडायला लागली. मोरीत गेलं असेल, या भीतीने तिला झोप नव्हती. म्हणाली, तिच्या आईनेही तिला हेच शिकवलंय, शब्दाला शब्द! मग आपल्या माणसांना तिने स्वतः सांगितलं, की बाईने अपमान नाही केला, घरच्यासारखं सांभाळलं. बघ ना, माफ करण्यातसुद्धा माझ्या पुढे! पुन्हा थोडी जळलेच मी.

आणि ऐक. त्यांचं ते पवित्र कापड दुसऱ्या कापडावर अंथरतात. त्यासाठी तिने स्वतः एक भरतकाम करून ठेवलं होतं. ते पेटीत घातलं आणि आईचं मागून नेलं. बिशपांच्या मिस्सेला खाली आपली लेस, वर त्यांचं नवंकोरं कापड. काही उभे, काही गुडघ्यांवर, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

लेस कुणाची, असं तिने विचारलं. म्हटलं, आईची आणि मोठ्या बहिणीची. मोठ्या बहिणीला काय म्हणता, तर सांगितलं. ती माझ्याहून मोठी आहे, तेव्हा आता मी तिलाही ताईच म्हणते. दर रविवारी ताईकडेच चहा असतो.

लोभ वाढतोच आहे.

तुझी,
धाकटी


ता. १५ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

कापड वेदीवर गेलं, वाचून डोळे भरून आले. इथेच पत्र संपवणार होते. पण मग तुझ्या त्या शेवटच्या ओळी!

तिला मैत्रीण म्हण, बहीण म्हण. राणीसरकार काय वाईट होतं? ताई कशाला? हा शब्द म्हणजे काय तुमची वेदी आहे, सकाळी एकीने आणि दुपारी दुसरीने वापरायला? हे म्हणतात, तूच तिला त्या बाईकडे जायला सांगितलंस. सांगितलं होतं, पण कापडापुरतं. रविवारी हे बाहेर जातात आणि चहा घेताना मी एकटी असते, हे तुला कुणी लिहिलं नसेल, म्हणून लिहिते.

दोन दिवस भांड्यांवर राग काढला. मग विचार केला. माझ्यापेक्षा मोठं आता उरलंय कोण? तेव्हा ती लहानच असणार, म्हणजे माझीही धाकटीच. तिच्या भाकरीच्या टोपलीवर घालायला एक रुमाल विणायला घेतलाय. सुई तीच, लेसचा नमुना आईचाच, पण सगळ्या बाजू माझ्या हातच्या. पार्सल तिच्या नावाने येईल, तू फोडायचं नाही. पोचल्याचं पत्र तिने मला लिहायचं. तिच्या भाषेत लिहिलं तरी चालेल, मी नुसतं बघेन. पण वरचं ‘ती. ताईस’ तेवढं आपल्या अक्षरांत हवं. ते तू तिचा हात धरून गिरवून घे.

लोभ दोघींनी मिळून करावा, वाटून नव्हे.

तुम्हा दोघींची,
ताई