लाल दोऱ्याची उशी

नागभीड, रविवार संध्याकाळ

ती उशी सुनंदाचीच होती का? आज शाळेच्या मैदानावर कॉलनीतल्या बायकांचा उशांच्या मारामारीचा खेळ होता. वहिनीच्या हातातल्या उशीला कोपऱ्यात लाल दोऱ्याची शिवण दिसली. माझी बायको सुनंदा सावरीचा कापूस भरून लाल दोऱ्यानेच उशी शिवायची. गेलेल्या माणसाची उशी घरात ठेवत नाहीत, म्हणून तिच्या तेराव्यानंतर वहिनीच ती गावाबाहेर टाकायला घेऊन गेली. टाकली म्हणाली होती. मग हा लाल दोरा? की लाल दोरा सगळ्यांकडेच असतो?

शेवटी जवळ गेलो. "वहिनी, ही उशी कोणाची?"

"माहीच हाय भाऊजी. काऊन, मार खाता का?"

बायका हसल्या. मग ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "टाकवली नाई मले. न्या घरी."

सगळ्या बघत होत्या. माझे हात पुढे झालेच नाहीत. "नाई, तुमचीच हाय," असं मोठ्याने म्हणालो आणि निघालो.

फाटकाजवळून वळून पाहिलं. वहिनी त्याच उशीने शेजारणीला दणादण मारत होती. टाकवली नाही म्हणते, मग खेळायला कशी आणवली? पण विचारू कोणत्या तोंडाने? उशी तिची, असं चारचौघांत मीच सांगून आलो.