जन्म व रेघ परत मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक श्री. रामिरो ओर्दोन्येस,
प्रांतिक जन्ममृत्यू नोंदणी संचालनालय.

विषय : बॅकअप मंदावणे, टेप ड्राइव्हमधील चुका आणि त्यातून अर्जदार अजन्मा ठरणे याबाबत.
संदर्भ : आपले परिपत्रक क्र. ११८, दि. २१ एप्रिल २०१४.

महोदय,

१. सविनय निवेदन करतो की, मी पुएर्तो सेनिसा येथील नोंदणी कचेरीत सतरा वर्षे संगणक-कारकून आहे. दर शनिवारी दुपारी सर्व नोंदींचा बॅकअप टेपवर उतरवणे हे माझे काम. डिसेंबरात आपल्याकडून नवा प्रोग्राम आला आणि चार तासांचे हे काम एकोणीस तासांवर गेले. ड्राइव्हचा पिवळा दिवाही लुकलुकू लागला. मी साफसफाईची टेप तीनदा फिरवली, केबल बदलली, कोरी टेप घातली, खाऱ्या वाऱ्याच्या संशयावरून समुद्राकडची खिडकी बंद केली. ड्राइव्हशेजारी बसून माशाचे एन्सेबोयादो खाण्याची सवयसुद्धा मोडली. फरक पडला नाही, उलट उपाशीपोटी चिडचिड वाढली.

२. अखेर चुकांची यादी वाचली. आपल्या स्पॅनिशमध्ये 'न' या अक्षरावर नागमोडी रेघ दिली की त्याचा 'न्य' होतो, हे आपण जाणताच. नव्या प्रोग्रामला ते ठाऊक नाही. फाइलच्या नावात, म्हणजे त्या माणसाच्या आडनावात, असे अक्षर आले की तो अडखळे आणि पाचव्या खेपेला कशीबशी फाइल उतरवी. तेवढ्यात टेप थांबे, मागे येई, पुन्हा धावे. या घासाघाशीत ड्राइव्हचे हेड झिजले. हे मी लेखी कळवले. त्यावर आपले तंत्रज्ञ श्री. विल्सन आले नि म्हणाले, "कशाला जीव काढतोस, बाबा? पुन्हा प्रयत्नांच्या पाचाचा शून्य कर. जी फाइल येत नाही तिच्यासाठी गाडी थांबवायची नाही." मी शून्य केला. बॅकअप साडेतीन तासांत आटोपला. आपण पाठवलेले अभिनंदनाचे पत्र भिंतीवर लावले आहे.

३. मार्चमध्ये मुख्य डिस्क जळाली. टेपवरून नोंदी परत आणल्या, तेव्हा गाडी कोणाकोणासाठी थांबली नव्हती ते कळले. गावातील सर्व मुन्योस, नुन्येस, इबान्येस मिळून ४१२ इसम जन्मलेलेच नाहीत. कागदी वह्यांत ते शाबूत आहेत, परंतु दाखला संगणकातूनच द्यावा असा नियम आहे.

४. यावर आपल्या परिपत्रकाने आदेश दिला की, ही नावे रेघ वगळून पुन्हा भरावीत आणि छापील नमुन्यांतूनही रेघ काढावी. मी पहिल्याच दिवशी पालन सुरू केले; नमुने बदलले, नावे मात्र जो दाखला मागायला येईल त्याचे तेव्हा भरतो. आता दाखल्यावर जेथे 'जन्माचे आन्यो', म्हणजे वर्ष, असे येई, तेथे 'जन्माचे आनो' येते. 'आनो' हा बसण्याच्या कामी येणारा अवयव होय. श्रीमती एदुविहेस मुन्योस, वय ८३, यांनी रांगेसमोर दाखला मोठ्याने वाचला आणि मला विचारले, "पोरा, ढुंगण माझं एकोणीसशे एकतीसचंच आहे, नाही म्हणत नाही. पण सरकारला ते कोणी सांगितलं?" रांग अर्धा तास पुढे सरकली नाही. मीही हसलो, याची नोंद असावी.

५. आता माझे स्वतःचे. माझे आडनाव पेन्या, म्हणजे खडक. माझा विवाह श्रीमती एर्मेलिंदा कोर्तेस यांच्याशी शनिवार, १४ जून रोजी ठरला असून त्यासाठी जन्मदाखला लागतो. मी तो काढू गेलो तर मी जन्मलेलो नाही. तसे सांगताच त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं तुझी कारणं ऐकतेय. पण अजून जन्मलोच नाही, हे नवीन आहे हं." परिपत्रकानुसार रेघेविना नोंदवावे, तर माझे आडनाव 'पेना' होते आणि त्याचा अर्थ दुःख. त्यावर त्यांचे म्हणणे, "मी खडकाला हो म्हटलंय. दुःख मला घरबसल्याही मिळतं, त्यासाठी चर्चपर्यंत चालायची गरज नाही." महोदय, यावेळी त्या हसत नव्हत्या. मला भीती वाटते.

६. जुन्या प्रोग्रामने लिहिलेली नोव्हेंबरची एक टेप माझ्या कपाटात आहे. तिच्यात ४१२ जण रेघेसकट आहेत. झिजलेले हेड आता स्वतः उतरवलेल्या टेपा तेवढ्या वाचते, ही जुनी वाचत नाही. तरी एक धड ड्राइव्ह पाठवावा आणि जुना प्रोग्राम वापरण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. काम चार तासांचे आहे.

७. परवानगी कोणी द्यावी याबाबत मात्र मार्गदर्शन हवे. आपला जन्म आमच्याच गावचा, वही सातवी, पान २१२. संगणकात आपणही सापडत नाही. न जन्मलेल्या संचालकांचे परिपत्रक न जन्मलेल्या कारकुनावर बंधनकारक आहे काय, ते कळवावे. उत्तर येईपर्यंत मी ते पाळणे थांबवले आहे.

जन्माच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
अनिबाल पेन्या
पुएर्तो सेनिसा, दि. १९ मे २०१४

सोबत :
(१) चुकांची यादी, पाने ६४.
(२) श्रीमती मुन्योस यांचा दाखला. त्या परत मागत आहेत, शेजारणींना दाखवायचा आहे.
(३) अर्जदाराचा जन्मदाखला : जोडता आला नाही.
(४) विवाहाची निमंत्रणपत्रिका. छापखान्याचे यंत्रही आपल्याच नियमाचे निघाले, म्हणून आपल्या आणि माझ्या नावावरची रेघ एर्मेलिंदाने पेनाने पुन्हा ओढली आहे.