विचारलं तेवढंच

१ फेब्रुवारी १९८८, सोमवार
नोकरी गेली. म्हणजे राजीनामा दिला. तो टाइप करून तयारच होता, फक्त माझी सही हवी होती.
मुंबईचं गिऱ्हाईक लॅबमध्ये आलं होतं. रंगाची ही बॅच ठीक आहे ना, असं त्याने विचारलं. ठीक आहे म्हणालो. मागची मात्र नव्हती, हेही सांगितलं. मागच्या बॅचबद्दल त्याने विचारलं नव्हतं.
खरं बोलल्याचा पश्चात्ताप नाही. बोलताना थोडी मजा वाटली का, हे तपासून पाहिलं. नाही वाटली. बहुतेक.
संकल्प: यापुढे विचारलं तेवढंच बोलायचं.
बी.एस्सी. आहे, अनुभव आहे, बोईसरला कारखान्यांना तोटा नाही. महिन्याच्या आत रुजू होणार.

४ फेब्रुवारी, गुरुवार
सायकलवरून एमआयडीसी पालथी घातली. सगळ्या गेटांवर एकच उत्तर, साहब मीटिंग में है. एका वॉचमनने अर्ज ठेवून घेतला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.
येताना जुन्या कंपनीवरून जायला नको म्हणून मागच्या रस्त्याने वळलो. मग वाटलं, मी का तोंड लपवू? परत फिरून मुद्दाम पुढून गेलो. गेटवर कोणीच नव्हतं.

९ फेब्रुवारी, मंगळवार
इंटरव्ह्यू. उत्तम झाला. विचारलं तेवढंच बोललो. उठताना फक्त त्यांच्या आग विझवायच्या सिलिंडरची मुदत संपल्याचं लक्षात आणून दिलं. त्यात त्यांचंच हित होतं.
कळवतो म्हणाले. पत्ता लिहून घ्यायला विसरले असावेत.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
किनाऱ्यावरच्या दांडी गावची येसूबाई मासळीची पाटी घेऊन आली. बायकोने, दमयंतीने, तिला माझी सगळी हकीकत सांगून टाकली. आमच्या घरात विचारलं तेवढंच बोलायचा नियम एकट्यालाच लागू आहे.
औषधांच्या कारखान्याचे मॅनेजर दासगुप्तासाहेब यांच्या बंगल्यावर येसूबाईची मासळी जाते. मी बोलते भाऊसाठी, म्हणाली. मला वशिला नको, असं स्पष्ट सांगितलं. दमयंतीने पळी जरा जोरात ठेवली.
मग विचार केला. लायकी नसलेल्याला वशिला लागतो. माझ्या बाबतीत ही नुसती ओळख. अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाटीत ठेवला.

१७ फेब्रुवारी, बुधवार
बंगल्यावर बोलावणं आलं. साहेबांनी अर्ज हात लांब करून वाचला. प्लॅस्टिकचा उपयोग झालेला नाही. तरी प्रसन्न होते. लॅब इन्चार्जची जागा आहे, एक तारखेपासून या, इथपर्यंत आलं.
मी निघालो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, येसूबाईने सकाळी दिलेलं पापलेट ताजं आहे ना?
थेट प्रश्न होता. काल महाशिवरात्र, उपासामुळे कोणी मासळी घेतली नव्हती. तीच बर्फातली आज फिरवत होती. आमच्या दारातही आणली होती, आम्ही घेतली नाही. हे सगळं सांगितलं. कल्ले कसे बघायचे तेही सांगितलं, ताजे असतील तर आत लाल. साहेब स्वयंपाकघरात जाऊन बघून आले.
मग शांतपणे म्हणाले, "जिसने आपको भेजा, उसका माल आप ऐसे खोलते हैं. इन्स्पेक्टर के सामने मेरा क्या करेंगे?"
तो विचारेल तेवढंच सांगेन, म्हणालो.
सोचेंगे, म्हणाले. विचारी माणूस आहे.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार
बंगल्याने येसूबाईची मासळी बंद केली. दारात आली, पाटी डोक्यावरून उतरवली नाही.
"भाऊ, मी तुमच्यासाठी तोंड उघडलं, तुमी माझ्या मासळीचे कल्ले उघडलं. वयनी, आता तुमच्या दारात माझी पाटी येणार नाय."
यात व्यक्तिगत काही नाही, हा शास्त्राचा भाग आहे, असं मी समजावलं. ती दमयंतीकडे बघून म्हणाली, "ह्यांना घरात कसं ठेवता वो?"
दमयंती हसली. मला ते आवडलं नाही.
दुपारी डाळ. रात्रीही डाळ. काय झालं म्हटलं, तर काही नाही म्हणाली. तीही आता विचारलं तेवढंच बोलते.

२४ फेब्रुवारी, बुधवार
साहेबांचा ड्रायव्हर आला. रविवारी सकाळी बंगल्यावर या, पिशवी आणा.
म्हटलं नव्हतं? खऱ्याची किंमत उशिरा कळते, पण कळते. पिशवी अर्थातच प्रमाणपत्रांसाठी. दमयंतीने शर्टाला इस्त्री केली. गोड काय करू म्हणाली. आधी रुजू तर होऊ दे, म्हणालो, पण शिऱ्याला हरकत घेतली नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार
पिशवी मासळीसाठी होती.
दर रविवारी दांडीला जाऊन मासळी पारखून आणायची. आप एक्सपर्ट हैं, म्हणाले. जागेचं विचारलं. देखेंगे, म्हणाले. म्हणजे जागा अजून आहे. तोवर हे एक प्रकारे सल्लागाराचंच काम.
प्रमाणपत्रं काढून काखेत धरली, पिशवी घेऊन किनाऱ्यावर गेलो. उशीर झाला होता. बाकीच्या पाट्या रिकाम्या झाल्या होत्या. एकच राहिली होती, येसूबाईची.
ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. पापलेट उचलून पुढे धरलं.
"तपासा भाऊ."
कल्ला उचलला. आत लाल नव्हतं. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. येसूबाई त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
"बोला, कसं हाय?"
कसं दिलं, एवढंच विचारलं. तिने सांगितलं, मी घेतलं. उद्या वयनीकडं पाटी आणते, म्हणाली.
बंगल्यावर मेमसाहेबांनी विचारलं, कुठून आणलं?
दांडीहून, म्हणालो.
घरी येऊन पिशवी धुतली. प्रमाणपत्रंही वास जायला उन्हात घातली आहेत.