नदीघंटेला माणसं हवीत

३ जून
संकल्प : वादळं सुरू व्हायच्या आत 'नदीघंटे'साठी दहा स्वयंसेवक. यीलान नदीच्या काठच्या गावांत पाणी चढलं की फोनवर घंटा वाजवणारा हा प्रोग्राम मी एकट्याने उभा केला. कोड सगळ्यांना खुला. तरी मदतीला कुणी फिरकत नाही. आज स्वागताचं पान टाकलं. सोबत नियम, फक्त एकेचाळीस.

९ जून
एक आली! फान इ-रू, ह्वालिएनची नर्स. म्हणते, पाण्याचा सेन्सर बंद पडला तर प्रोग्राम शेवटचा आकडाच दाखवत बसतो. पूर आला तरी 'सुरक्षित'. दुरुस्तीही करून पाठवलीय. सतरावा नियम मोडला. परत पाठवली. शिवाय सेन्सर गप्प म्हणजे नदी शांत. एवढं साधं कळू नये?

२० जून
मेळावा. पोर्क-भाताचे बारा डबे मागवले. तिघे आले. फानबाईंनी पुन्हा सेन्सरचा विषय काढला. मी नियम वाचून दाखवले. जाताना तिघे जिन्यात कुजबुजत होते. कौतुकच असणार. सू-छिनचा टोमणा : "अहो, तुम्हाला मदतनीस हवेत की शिपाई?" बायकोला सॉफ्टवेअर कळत नाही. डबे उद्याही खाऊ.

११ जुलै
तिघेही गेले. चिकाटीच नाही. तक्रारी मात्र कमी झाल्या.

५ ऑगस्ट
आता एकही तक्रार नाही. कुणी काही विचारतही नाही. प्रोग्राम निर्दोष झाला, दुसरं काय! तरी स्क्रीनपुढे बसलं की रिकाम्या घरात हाका मारल्यासारखं वाटतं. चहा कमी करावा.

२ सप्टेंबर, सकाळ
वादळ दुपारी धडकणार. आकाश पिवळं, पाखरं गायब. सासूबाई नदीकाठच्या घरी एकट्या. सू-छिन म्हणते, आईला आत्ताच घेऊन येऊ. तिला स्क्रीन दाखवली. पाणी एक मीटर दहा. हिरवं.

दुपार
पाऊस आडवा. एक मीटर दहा.

संध्याकाळ
एक मीटर दहा. एवढ्या पावसातही नदी जागची हलत नाही, कमाल आहे. सासूबाईंचा फोन बंद लागतोय. झोपल्या असतील. हात गार पडलेत, पंख्यामुळे. सू-छिन रेनकोट चढवून निघाली. मागून निघतोय. काळजी म्हणून नाही, सोबत म्हणून.

३ सप्टेंबर
सासूबाईंच्या घरात छातीइतका चिखल. पलंग खिडकीत अडकलेला. सू-छिनने मारलेल्या हाका अजून कानात आहेत. सेन्सरचा खांब पहिल्याच लोंढ्यात गेलेला.
सासूबाई शाळेच्या वरच्या मजल्यावर सापडल्या, नूडल्स खाताना. अख्खं गाव तिथेच. फोनची बॅटरी संपलेली. म्हणाल्या, घंटा दुपारीच वाजली की! मी म्हटलं, बघा, माझी घंटा. तर म्हणाल्या, "तुमची नव्हे हो, जावईबापू. ती नर्स आली होती ना जुलैत, तिने गावभर दुसरी घालून दिली. तुमची काढली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."
माझाच कोड. सेन्सर गप्प झाला की त्यांची घंटा वाजते. स्वयंसेवक साठाच्या वर.
सू-छिन आईजवळ बसून राहिली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

६ सप्टेंबर
त्यांच्याकडे अर्ज केला. अनुभव : संस्थापक. फानबाईंचं लगेच, फार गोड उत्तर आलं. नव्या माणसाला सोपं काम देतात म्हणे. स्वागताच्या पानावर एक शब्द चुकलाय, तेवढा सुधारा.
सकाळपासून शोधतोय. शेवटी सू-छिनने मागून वाकून बोट ठेवलं.
मला दिसलाच होता.