चंद्रसेन महाराजांचा घसा

१४ ऑक्टोबर, सोमवार
सांगलीच्या संगीत रंगभूमीला आज नवा राजा मिळाला. मी. आमच्या हौशी मंडळाचं यंदाचं नाटक 'संगीत मयूरमुद्रा', जानेवारीत स्पर्धेला. आज पहिलं वाचन. दिग्दर्शक शरच्चंद्र सर रिटायर्ड संगीत शिक्षक, त्यांनी राजा चंद्रसेनाचं पद मला म्हणायला लावलं. मी सुरू करताच त्यांनी डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडलेच नाहीत. तल्लीन. मग म्हणाले, "जयराज, आवाज मोठा आहे. सध्या चंद्रसेन तुम्हीच वाचा."
'सध्या' ही त्यांची बोलायची सवय.
घरी सांगितलं. रेश्माने लगेच माहेरी रहिमतपूरला फोन लावला. सासरे, सुभेदार आकाराम, स्पीकरवर ओरडले, "आमचं जावाय राजा! आमी समदी येनार बघायला!"

१५ ऑक्टोबर
आजपासून शिस्त. पहाटे रियाज. तिखट, तळलेलं, गार बंद. दोन-दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून रेश्मा म्हणाली सगळ्यांनाच बिनतिखटाचं करते. क्रांतीचं तोंड वाकडं. आमची बारावीची पोर, कबड्डी खेळून येते, भूक दांडगी. तिला समजावलं की घरात कलावंत असला की घराने थोडं सोसायचं असतं. संध्याकाळी आमचं बॅटरीचं दुकान रेश्मा बघेल.
रियाज उद्यापासून. आज उशिरा जाग आली.

२२ ऑक्टोबर
तबलजी नाथाजीमामा तालात कच्चे आहेत. मी समेवर येतो तेव्हा ते तिथे नसतात. सरांच्या कानावर घातलं. सरांनी बराच वेळ पिशवीत पाण्याची बाटली शोधली. बाटली समोरच होती.

५ नोव्हेंबर
दिवाळीनंतरची पहिली तालीम. डॉ. अनीश म्हणून नवीन मुलगा आलाय, दातांचा डॉक्टर. पद म्हटलं. ठीक म्हणतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नवीन आहे म्हणून. नाथाजीमामा चक्क हसले.
आता चंद्रसेन तो. मी सेनापती. एकच पद, पण सर म्हणाले वजनदार आहे. आणि नीट वाचलं तर हे नाटक मुळात सेनापतीचंच आहे. राजा नुसता रडतो.
घरी सांगणारच होतो. रेश्मा ज्येष्ठमधाचा काढा घेऊन दारात उभी. काढा गरम होता, तो आधी प्यायलो. मग राहून गेलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
प्रयोग लांबतोय म्हणून सेनापतीचं पद कापलं. पद गेल्यावर सेनापतीला काम उरेना, म्हणून सेनापती कापला. मी द्वारपाल, उजवीकडचा. वाक्य एक : "महाराज, दूत आला आहे." सर म्हणाले, स्टेजवर सगळ्यात जास्त वेळ तुम्हीच आहात. हे मात्र खरं. अनीश मधूनमधून आत जातो, मी कुठेच जात नाही.
घरी आज सांगायचंच असं ठरवलं होतं. पण क्रांतीची मैत्रीण पूजा अभ्यासाला आली होती. परक्या मुलीसमोर बरं नाही वाटत.

२४ नोव्हेंबर
तालमीवरून येताना भेळ खाल्ली. वर दोन हिरव्या मिरच्या मागून घेतल्या. द्वारपालाच्या घशाला काय होतंय?
घरी बिनतिखटाची आमटी. क्रांती मुकाट्याने जेवत होती. मी जरा लांब बसलो, तोंडाला वास यायला नको.
रेश्माने स्टेटसला माझा फोटो ठेवलाय. खाली लिहिलंय 'आमचे महाराज'. तिच्या भावजयीने मुकुट पाठवला, म्हणजे चित्र.
मी खोटं काहीच बोललेलो नाही. लोक जे समजून बसलेत ते फक्त मोडलेलं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार
क्रांतीची टीम जिल्ह्याच्या फायनलला. उद्या, जतला. सकाळी वेणी घालता घालता म्हणाली, "पप्पा, या ना तुमी. सगळ्यांचे पप्पा यायलेत."
मी म्हटलं, "अगं, राजाशिवाय तालीम कशी होणार?"
ती म्हणाली, "हां, ते पण बरोबर आहे." रुसली नाही, काही नाही. वेणी घालून कॉलेजला गेली.
रुसली असती तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर
रेश्मा दुकान बंद ठेवून क्रांतीबरोबर एसटीने जतला गेली. मी तालमीला. सर म्हणाले, "अहो, आज फक्त अनीशची पदं. द्वारपालांना सुट्टी होती, ग्रुपवर टाकलंय की."
टाकलं होतं. परवाच वाचलं होतं मी. वेणी घालताना तिने विचारलं तेव्हाही मला माहीत होतं. पण राजा म्हणून बोलून बसलो आणि मग घरातून निघणं भाग पडलं.
सतरंज्या झटकल्या. सगळ्यांसाठी चहा सांगून आलो. अनीश म्हणाला, "काका, साखर कमी सांगा."
दुपारी रेश्माचा फोन. एका गुणाने हरले. क्रांतीचं बोट निखळलं, तिथल्याच डॉक्टरांनी बसवलं. मागे कुणीतरी रडत होतं. क्रांती नसावी, ती रडत नाही.
मी असतो तरी बोट निखळलंच असतं.
हे वाक्य परत वाचलं. बरं दिसत नाही.

५ जानेवारी
रहिमतपूरला फोन केला. म्हटलं, थंडी फार आहे, एवढ्या लांब कशाला येता. सासरे म्हणाले, जीप ठरलीय. म्हटलं, तिकिटं मिळणं अवघड आहे. म्हणाले, "आमी हुब्यानं बघू." मागून सासूबाई बनुबाई विचारत होत्या, राजाला ओवाळायला निरांजन आणलं तर चालतंय का. मी म्हटलं, आत आगीला परवानगी नसते.

१८ जानेवारी
सगळा विचार करून ठेवलाय. मिशी मोठी लावायची, शिरस्त्राण भुवयांपर्यंत. मला कोणी ओळखणार नाही. नंतर बाहेर येऊन सांगायचं, ऐनवेळी घसा बसला, नाइलाजाने अनीशला उभं केलं. लोक हळहळतील. कदाचित मीच त्याला तयार केला असंही म्हणता येईल. ते आयत्या वेळी बघू.

१९ जानेवारी, रविवार
प्रयोग झाला.
पडदा उघडला तेव्हा मी भाला धरून उभा. दुसऱ्या रांगेत आमची अख्खी जीप. मधे रेश्मा, जरीची साडी. शेजारी क्रांती. राजा आला. टाळ्या पडल्या. सासूबाईंचा आवाज पूर्ण नाट्यगृहाला ऐकू गेला : "ह्यो न्हाई ओ! ह्यो कोन दुसराच हाय!"
मिशीचा एक कोपरा सुटला होता.
मग सासरे : "त्यो बघा की, भालेवाला. आपलंच पावणं! कवा गानार म्हनायचं?"
हशा झाला. मागच्या रांगाही हसल्या. अनीशचं पद सुरू व्हायचं होतं, तो थांबला. मी रेश्माकडे बघायचं नाही म्हणून वरच्या दिव्याकडे बघत राहिलो, त्यात माझं वाक्य गेलं. दूत थोडा वेळ विंगेत थांबला आणि न सांगताच आत आला.
बाहेर सगळे दाराशी उभे होते. घसा बसल्याचं सांगायला तोंड उघडलं, आवाज खणखणीत निघाला. सासरे पुढे आले. मला वाटलं, चारचौघात अब्रू काढतात आता. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "जावायबापू, लय ताठ हुबा ऱ्हायलासा. फौजेत गार्डला बी येवढा वेळ कुनी हलल्याबिगर हुबं ऱ्हात न्हाई. पापनी लवली न्हाई तुमची."
मनापासून म्हणत होते. चेष्टा असती तर उत्तर होतं माझ्याकडे.
रेश्माने पर्समधून थर्मास काढला. काढा आणला होता, दोन अंकांच्या मधे प्यायला. तो पुन्हा आत ठेवला आणि आईला म्हणाली, "चला, जेवण गार होतंय."

२० जानेवारी
रहिमतपूरची मंडळी सकाळी गेली. रेश्मा दुकानाविषयी बोलते. तेवढंच.
सकाळच्या भाजीत तिखट होतं.
दुपारी क्रांती पाणी प्यायला आली. विचारलं, "पप्पा, मग जतला का नाही आलात?"
रागावून नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं तिनं. मी म्हटलं, त्या दिवशी तालीम होती. ती तशीच बघत राहिली. मग म्हटलं, नव्हती.
ती ग्लास विसळून आत गेली.

२३ जानेवारी
मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. कोणी विचारलं नाही.
संध्याकाळी क्रांतीला सांगितलं, यापुढे तुझी प्रत्येक मॅच बघणार, दुकान बंद ठेवीन. ती म्हणाली, "पप्पा, जतची शेवटची होती. आता बोर्डाची परीक्षा. मग पुण्याला ॲडमिशन."
मी तिच्या टेबलाशेजारी बसलो. समोर खारे शेंगदाणे होते. म्हटलं, फायनलचं सांग तरी. रेडला गेलीस तेव्हा बोट निखळलं ना?
ती म्हणाली, "मी रेडर नाही. मी लेफ्ट कॉर्नर."
आठवीपासून खेळते ती. मी म्हटलं, म्हणजे काय असतं?
तिनं पुस्तक बाजूला सारलं. वाटीतले सात शेंगदाणे टेबलावर अर्धगोलात मांडले, एक समोर ठेवला. तो रेडर, म्हणाली. मग बोट अजून थोडं वाकडंच राहिलेल्या हाताने डावीकडच्या टोकाचा शेंगदाणा जरा पुढे सरकवला.
"ही मी."