बाबांच्या बोटावरचा कोष

प्रिय दीपे,

फोन सोडून आईनं पत्र का लिहिलं म्हणशील. अगं, फोन तुझ्या बाबांच्या खिशात असतो. मी बोलायला लागले की स्पीकर चालू करून शेजारी येऊन बसतात. भुजंगभावजी पुण्याला लेकीकडं निघालेत, त्यांच्या हातानं पाठवायले. शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर रडत बसू नको.

ह्या माणसापायी मी लय बेजार झाले गं. रेशमाच्या अळ्यांच्या शेडमधल्या रॅकचा पत्रा लागून पायाचं बोट कापलं, ते तुला माहीत आहे. जखम भरत आली असं ते तुला रोज सांगतात, ते साफ खोटं. शुगर वाढलेली, बोट काळं पडलंय. गंगाखेडचे डॉक्टर म्हणाले, गुरुवारी बोट काढू, उशीर केला तर पाऊल जाईल. तर हे खुशाल म्हणतात, माझ्या लेकीची पट्टी येणार आहे, थांबा जरा. डॉक्टर माझ्याकडं बघायले आणि मी भिंतीकडं.

तू दिवाळीत सांगून गेलीस, की आपल्या कोषांचं रेशीम त्या जेलीसारख्या पॉलिमरमध्ये घालून तुमी लॅबमध्ये पट्टी केली आणि उंदराची जखम भरली. झालं! तेव्हापासून गावाला तो उंदीर पाहुण्यारावळ्यांपेक्षा जवळचा झालाय. सोनपेठच्या बाजारात वांगी घेताना उंदीर, एसटीत कंडक्टरला उंदीर. तुझं कौतुक मला नाही का? पण किती सांगावं माणसानं!

बरं, नुसतं सांगून थांबले असते तर देव पावला असता. पट्टी येईना म्हणून ह्यांनी स्वतःच पट्टी केली. एक चांगला पांढराशुभ्र कोष कापला, आतली अळी काढून टाकली आणि टोपीसारखा त्या बोटावर चढवला. वरून दोरा बांधला, वरून मोजा. चार दिवस! वास सुटला तेव्हा मला कळलं. शेडमध्ये जाताना मला दोनदा पाय धुवायला लावणारा माणूस हा! मी तोंडाला येईल ते बोलले. तर म्हणायले, रेशीम तेच आहे ना, दीपा तेच वापरती. डॉक्टरांनी चिमट्यानं तो कोष काढला, तेव्हा कातडीही निघून आली. हे ओरडले नाहीत. मीच ओरडले.

आता जे लिहायचं ते लिहिते. मागच्या महिन्यात मी तुला चोरून फोन केला होता, पट्टी पाठव म्हणून. तू म्हणालीस, आई, ती अजून माणसाला लावायची नाही, परवानगी नाही, काही उलटं झालं तर? मी तुला काय काय बोलले. उंदराची माया येते, बापाची नाही, असंही बोलले. ते विसर बाई. तुझं बरोबर होतं. पण फोन ठेवून वळले तर हे दारात उभे, तोंड एवढंसं करून. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, पाठवते म्हणाली.

तेवढ्या एका शब्दावर हा माणूस बसून आहे. मी खोटं बोलले होते असं तीनदा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ. म्हणतात, तू मला दवाखान्यात न्यायला असं बोलतीस. म्हणून तू बुधवारी ये आणि समोर बसून त्यांना नाही म्हण. अळ्या कात टाकायला बसल्या की कात पडेपर्यंत हे कुणाला शेडमध्ये तुतीचं पानसुद्धा टाकू देत नाहीत. तसंच तुझ्या पट्टीची कात अजून पडायचीय, तोवर ती कुणाला लावायची नाही म्हणून सांग. त्यांचं तोंड पडंल, तुला बघवणार नाही. तरी नाहीच म्हण. मी हो म्हणून बघितलं, त्यात बोट गेलं.

तुझीच,
चुकलेली आई