सोनालीचं पुढचं चाक

सोम., १२ जाने.
सोनाली आज पुन्हा दुकानात. या महिन्यात चौथ्यांदा. पुढचं चाक करकरतंय म्हणे, आणि रविवारी सांगलीत शर्यत. आबांनी समोरचं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून तिची सायकल उलटी केली. "छर्रं गेलं गं पोरी. समदं बदलाय पायजे." पोरी! मला, पोटच्या लेकीला, शेवटचं असं कधी म्हणाले, आठवत नाही. मला फक्त "पाना दे".
तिचं वय सतरा. गुडघे शाबूत.

मंगळ., १३
चष्मा लावूनही आबांना बारीक दिसत नाही. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तरी एक्सल काढला, सगळं डिझेलने धुतलं, छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या बारीक गोळ्या, कागदावर ओतले. मी म्हटलं, खड्डे चारांनाच पडलेत, तेवढेच बदला. लगेच उखडले. "जुनं-नवं मिसळायचं न्हाई. नवा छर्रा जाड, समदा भार त्यो एकटाच घेतो." नवे आणायला मला कराडला पिटाळलं.
मी शर्यतीत उतरायचे तेव्हा माझी सायकल मीच खोलायची. "आपलं आपुन करावं" म्हणायचे. हिचं मात्र...

बुध., १४, संक्रांत
सो. तिळगूळ घेऊन आली. आबांच्या पाया पडली, मग माझ्याही. तेही आवडलं नाही मला. जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं, बरं वाटलं. नाही, बरं नाही वाटलं.
सहा वर्षांपूर्वी माझा गुडघा गेला तेव्हा आबा एक शब्द बोलले नाहीत. माझी सायकल पुसून माळ्यावर टाकली, बस्स.

गुरु., १५
आबांच्या हातून छर्रे तीनदा सांडले. शेवटी चाक माझ्याकडे सरकवलं. "तू भर."
ग्रीस लावून एकेक बसवला. दोन्ही बाजूंना दहा-दहा. मग कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारी आट्यांची टोपी. तो पूर्ण आवळून थोडासा मागे घ्यायचा, म्हणजे चाक मोकळं फिरतं. झोपेतही येतं मला हे. सो. तेव्हा आबांना सांगत होती, पहिली आले तर ढाल इथं दुकानातच लावायची. आमच्या दुकानात!
मी कोन मागे घेतला नाही. तसाच नट आवळून टाकला.
आबा प्रत्येक चाक हातात धरून सोडतात. व्हॉल्व्हची जड बाजू आपोआप खाली आली पाहिजे. वाटलं, तपासतील, ओरडतील, मी सैल करीन. तपासलंच नाही.
"तू भरलंयस न्हवं? मग झालं."
इतकी वर्षं हे ऐकायला कान आसुसले होते. आणि म्हणाले ते आज.

शुक्र., १६
सो. काल संध्याकाळीच सायकल घेऊन गेली. हसत. चाक जड जाईल, चाळीस कि.मी.त नवे छर्रेही चिरडतील. पडणार नाही ती, मागे राहील फक्त. दिवसभर स्वतःला हेच सांगतेय.

शनि., १७, सांगली
सकाळी तिला फोन केला, बंद. घरी गेले तर तिची आई म्हणाली, पहिल्या गाडीनं सांगलीला गेली. आबांना सांगितलं, शर्यत बघायला जाते. एवढे खूश झाले की मला मान वर करवेना. पाने पिशवीत टाकले आणि एसटी धरली.
मुलींना एका शाळेत उतरवलंय. सो. व्हरांड्यात सायकल पुसत होती.
"कोन आवळलाय. मी आवळलाय."
"म्हाईत हाय ताई. परवा घरी जातानाच कळलं."
"मग आबांना का नाही सांगितलंस?"
"कसं सांगू? येईल त्याला सांगत हुतं, चाक माझ्या लेकीनं भरलंय. माझ्याबद्दल असं कवा बोललं न्हाईत ते. लय राग आला मला तुमचा."
तिनं चाक धरलं, मी खोललं. छर्रे शाबूत होते. कोन सैल केला. दोन मिनिटांचं काम. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हतो.

रवि., १८, सकाळ
सो. रांगेत उभी आहे. शिट्टी व्हायची आहे.
आबांचा फोन दोनदा येऊन गेला. विचारणार, चाक कसं फिरतंय. छान फिरतंय म्हटलं तर खोटं नाही. पण मग ते आणखी चार जणांना सांगत सुटतील, माझ्या लेकीनं...
तिसऱ्यांदा वाजतोय.